मी थोरल्या भावाचा हात ओळखला

अकोल्याला मी एका खाजगी क्लासवर गणित शिकवतो. समजावून सांगायची खोड मला तिथूनच लागली आणि ती कुठेही उफाळते. लग्नाच्या पंगतीत उफाळते, रेल्वेत उफाळते. चार वर्षांपूर्वी ती आमच्या गावी, पोळ्याच्या करीला उफाळली. त्या दिवशी मी थोडा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. त्या दिवशी पत्ते उघड उघड खेळले जातात आणि म्हातारी माणसंही कानाडोळा करतात. आमचं गाव किन्हीराजाच्या बाजूला. मी जऊळक्याला गाडीतून उतरतो आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मोटारसायकल घेऊन उभा असतो. शेती त्यानंच केली. मी शिकत होतो तेव्हाही त्यानंच केली, म्हणून मी शिकू शकलो. त्याच्या ओसरीवर दर करीला तीन पत्तीचा डाव बसायचा, चिंचोक्यांवर, कारण वहिनीला घरात पैशाचा जुगार चालत नाही.

त्या वर्षी मी म्हटलं, तीन पत्ती काय नेहमीचीच, पोकर शिकवतो. मीही तो मोबाइलवरच शिकलो होतो, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला आम्हा मास्तरांना वेळ लागत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी शब्द लिहून काढले. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, ते सगळ्यांचे. त्यातले पहिले तीन एकदम उघडतात, तो फ्लॉप. फोल्ड म्हणजे आपलं पॅक, पत्ते टाकून मोकळं होणं. कॉल म्हणजे समोरच्यानं लावलं तेवढंच लावणं, रेज म्हणजे त्याच्यावर चढवणं. चेक म्हणजे सध्या मी काही लावत नाही, पुढच्यानं बोलावं.

"ग्रामसभेत सारे हेच करून राह्यले," दादा म्हणाला.

ऑल-इन समजवावा लागला नाही. सगळे चिंचोके पुढे सरकवले की झालं. टिल्ट मात्र मी खुलवून सांगितला. दोन डाव हरलं की माणसाचं डोकं फिरतं आणि तो वाटेल त्या पत्त्यावर चढवत सुटतो, तो टिल्ट. शेजारच्या काकांकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं. ते म्हणाले, "मायाकडं कायले पाहता?" आणि त्याच डावात सगळे चिंचोके घालवून बसले. ब्लफ म्हणजे हूल देणं. नट्स म्हणजे असा हात, की ज्याच्या वर त्या डावात कुणाचाच हात असू शकत नाही.

शेवटचा शब्द टेल. चांगला पत्ता आला किंवा हूल द्यायची असली की माणसाचं अंग काहीतरी बोलून जातं, ते टेल. ते ओळखलं की त्याचे पत्ते बघायची गरजच नाही. मी उदाहरणंही दिली. काका पत्ता चांगला आला की चहा मागतात. पुतण्या हूल देताना जास्त हसतो. सगळ्यांचं सांगितलं, दादाचं सांगितलं नाही. त्याचं मला सगळ्यांत आधी दिसलं होतं. हातात भारी पत्ता असला की तो दुसऱ्याच्या पत्त्याची तारीफ करू लागे, "तुयाकडं तर मोठंच काही दिसते बा," आणि त्याचा अंगठा तर्जनीवर माती काढल्यासारखा चोळत राही. मी ते स्वतःपाशी ठेवलं आणि दुपारभर त्याचे चिंचोके जिंकले. तो हसत होता. आपला धाकटा हुशार आहे याचं त्याला अजूनही कौतुक होतं.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला वाटणी झाली. भांडण काहीच नव्हतं. आई-वडील गेलेले, मुलं मोठी होत होती, म्हणून मामांना बोलावून करून टाकली. आमच्याकडची रीत अशी, की थोरला दोन वाटण्या पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. थोरल्यानं कुठली हवी हे बोलायचं नाही. तो बोलला तर धाकट्यावर दडपण येतं. रीत शहाणपणाची आहे. पाडणारा अन्याय करत नाही, कारण उरलेलं त्याच्याच वाट्याला येतं.

दादानं एका बाजूला विहिरीचं वावर ठेवलं. घरापासून हाकेच्या अंतरावर, पण लहान. दुसऱ्या बाजूला नाल्यापलीकडचं. एकर दीड एकरानं मोठं, काळं रान, सडकेला लागून. कुणीही शहाणा माणूस नाल्यापलीकडचंच उचलेल. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून दादा मामांना त्याच वावराची तारीफ सांगत होता. माती कशी, सडक कशी, पुढं भाव कसा चढेल. आणि त्याचा अंगठा तर्जनीवर चोळत होता.

मी ते पाहिलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पेपरात आपलं येणारं गणित आलं की पोरांना होतो तसा. मनात म्हटलं, दादा हूल देतो आहे, याला विहिरीचंच वावर पाहिजे, म्हणजे त्यात नक्की काहीतरी आहे. काय आहे, हे मी स्वतःला विचारलंही नाही. मला त्या वावरात ना नांगर धरायचा होता ना पाणी द्यायचं होतं. मी म्हटलं, "मी विहिरीचं घेतो."

मामांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. "इचार करून बोलून राह्यला न बाबू?"

"हो," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "घेऊ द्या. त्याची मर्जी."

त्या वावरात काय होतं ते मला पावसाळ्यात कळलं. वहिनीनं फोनवर सहज सांगितलं, की दादाच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, वाशीमच्या डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं आहे, आणि हे वाटणीच्या आधीपासूनच. नाल्याचा उतार-चढ त्याला सोसत नाही. नाल्याला पाणी आलं की घराकडून तिकडं गाडीही जात नाही, सडक पलीकडच्या अंगाला आहे, पायीच जावं लागतं. विहिरीचं वावर असतं तर घराच्या मागल्या दारातून गेला असता. बस, एवढंच होतं त्यात.

तेव्हाच मी जायला हवं होतं. गेलो नाही. लाज वाटली, मग लाजेची सवय झाली. विहिरीचं वावर दादाला बटईनं, निम्म्या वाट्यानं, करायला सांगितलं, तो नको म्हणाला, मग गावातल्या दुसऱ्या माणसाला दिलं. क्लासवर पोरांना संभाव्यता शिकवताना मध्येच माझी जीभ अडायची.

यंदा करीच्या सकाळी, अजून कुणी ओसरीवर आलं नव्हतं तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, दादा, अदलाबदल करू. कागदाचं मी पाहतो.

"उचललेली वाटणी कोनी वापस ठेवत नाई," तो म्हणाला. "लोक काय म्हनतीन?"

मी म्हटलं, लोकांचं जाऊ दे. त्या दिवशी तुला विहिरीचं पाहिजे होतं हे मला कळलं होतं. तू हूल देतो आहेस हे ओळखूनच मी ते उचललं. माझं चुकलं.

त्यानं अंगणातल्या बैलांकडे पाहिलं. शिंगांना कालचा रंग तसाच होता.

"हूल कायची?" तो म्हणाला. "तुले माया मनातलं दिसते, हे मले पत्त्यातच समजलं होतं. रीतीनं मले तोंडानं मांगता येत नव्हतं. म्हटलं, याले दिसलं की आपल्यासाठी सोडते हा."

मी बरोबर वाचलं होतं, आणि त्यानं ते वाचू दिलं होतं.

"चाल, च्या घे," असं म्हणून तो खांबाला धरून उठला. बैलांसाठी वैरण आणायची होती. तो नाल्यापलीकडे निघाला. त्याची वाट माझ्या विहिरीच्या वावराच्या धुऱ्यावरूनच जाते.