भांड्यात फडकं ठेवू नये

आमच्या आईच्या घरात नियमांना तोटा नव्हता. तिन्हीसांजेला केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये, रिकामा पाळणा हलवू नये. हे सगळ्यांच्याच घरी असतं. पण एक नियम मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिला नाही. भांड्यात फडकं ठेवू नये. ताटं पुसा, वाट्या पुसा, हवी तेवढी लखलखीत करा, पण पुसून झालं की फडकं खुंटीला गेलं पाहिजे. ताटांच्या चळतीत, डब्यांच्या मध्ये, फळीवर अंथरलेलं असं कापड तिला दिसलं की भाकरी तव्यावर तशीच टाकून ती उठायची, कापड ओढून काढायची आणि ज्यानं ठेवलं त्याच्याशी दिवसभर बोलायची नाही.

लग्न होऊन नांदेडला गेले तेव्हा हा नियम मी रुखवताबरोबर घेऊन गेले. सासूबाईंना फळ्यांवर जुन्या लुगड्याचे तुकडे अंथरायची हौस. मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आमच्यात चालत नाही." "असला कसला गं कुळाचार तुमचा?" त्या विचारायच्या. मी म्हणायची, "आहे तसा." जन्मभर शाळेत शिकवलेली बाई मी. 'मला माहीत नाही' हे माझ्या तोंडून सहसा कुणी ऐकलेलं नाही. कुळाचार म्हणून ठोकून दिलं आणि पुढे माझाच त्यावर विश्वास बसला.

वडील गेले आणि लातूरच्या घरात आई एकटी राहिली. नांदेडला चल म्हटलं तर ऐकेना. बरं, इथं राहून स्वतःचं काही करावं, तर तेही नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचीच ती बंद झाली. कोपऱ्यावरून डबा यायचा, तो पुढच्या खोलीत बसून अर्धामुर्धा खायची आणि खिडकीतून रस्ता बघत बसायची. कान गेले होते. मधूनमधून बोलणंही तुटायला लागलं. वडिलांना हाक मारायची, मग आठवलं की ओशाळायची. डॉक्टर म्हणाले, हात चालू ठेवा त्यांचे, हात थांबले की डोकंही थांबेल. मला तेवढंच कळलं. तिला परत चुलीपाशी बसवायचं. हे जमलं नाही तर आई असून नसल्यासारखी होणार, हे मला लख्ख दिसत होतं आणि त्याची मला फार भीती वाटत होती.

ती आत का जात नव्हती, ते त्या खोलीकडे बघून कुणालाही कळलं असतं. भूकंपानंतर आम्ही निलंग्याकडचं गाव सोडून लातूरला आलो. आधी पत्र्यात राहिलो, मग वडिलांनी हे घर बांधलं. ते बांधून होतंय तोवर आमच्या गल्लीत क्लासेस सुरू झाले. आधी एक, मग त्याच्यासमोर दुसरा, मग पाट्यांवर पाट्या, त्यावर टिळे लावलेल्या गुणवंतांचे फोटो. अहमदपूरच्या, उदगीरच्या, पार किनवटकडच्या पोरी डॉक्टर व्हायला आल्या आणि आमच्या माडीवर राहायला लागल्या. त्यांना जेवण पाहिजे. आईनं मेस सुरू केली. स्वयंपाकघराचा भटारखाना झाला. घुर्र करून पेटणाऱ्या शेगड्या, तेलानं काळ्या पडलेल्या भिंती, पिठाचे प्लॅस्टिकचे ड्रम. तिनं जिवाभावानं रांधलं. परीक्षेच्या दिवसांत पोरींच्या आधी हीच पहाटे उठून बसायची. पण गुडघे गेले, मेस बंद झाली आणि ती खोली तशीच तेलकट राहिली. मेस चालू असताना ती एकच बोलायची, "हे एकदा सरलं की मला गावाकडच्यावानी सैपाकघर करून दे माय. लाकडाची मांडणी, पितळंची भांडी. लई नको."

लई नको म्हणणाऱ्या माणसाला लई द्यावं असं मला वाटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लातूरला मुक्काम ठोकला आणि सुतार बोलावला. त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवली, सगळी आरशासारखी चकाकणारी, लाल नाहीतर जांभळी. मी म्हटलं, "बाबा रे, दहा वर्षांनी जुनं दिसेल असलं काही नको. आत्ताच जुनं दिसेल असं कर, म्हणजे मग काळजी मिटली." तो हसला, पण त्याला कळलं. ओट्याला काळा कडप्पा. खाली काळ्या-पांढऱ्या फरश्यांचा पट. सागवानी दारं, त्यांना पितळेच्या कड्या. खिडकीशी एक बुटका कट्टा, आईला बसून भाजी निवडता यावी म्हणून. आणि समोरची सबंध भिंत भरून मांडणी, तिच्यात ताटं उभी राहतील असं लांबलचक ताटाळं. माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेली पितळेची भांडी मी चिंच लावून घासली. बोटांची सालं निघाली, पण परात अशी उजळली की तिच्यात तोंड दिसावं.

माझा एकच हट्ट होता. आवाज नको. आमच्या गल्लीतून आता दिवसभर क्लासच्या बसगाड्या जातात, बांधकामाचे ट्रक जातात आणि घर हादरतं. सुतारानं खणांना हळू बंद होणाऱ्या पट्ट्या लावल्या. ताटाळ्याच्या प्रत्येक खाचेत मऊ हिरवं कापड चिकटवलं. ते फडक्यात मोडतं, असं माझ्या मनातही आलं नाही. समोरून ट्रक गेला तरी एक वाटी हलली म्हणून कळू नये. मी दहादा खण उघडून बंद करून पाहिले आणि स्वतःवरच खूश झाले.

दूध उतू घालायच्या दिवशी आईला हाताला धरून आत आणलं. ती दारातच थांबली. मग कडप्प्यावरून हात फिरवला, कडीला हात लावला, परातीत तोंड बघून पदर सारखा केला. "गावाकडलीच मांडणी हाय की गं," म्हणाली, आणि किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. मी तिच्या कानाशी ओरडले, "आणि गंमत बघ, आवाज म्हणून येत नाही!" तिला दिसावं म्हणून ताटाळं धरून गदागदा हलवलं. ताटं डुलली. एकही वाजलं नाही.

आईचं हसू गेलं. ती जवळ आली, एक ताट वर उचललं, खाचेतल्या कापडाला बोट लावलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसली. दुधाला हातसुद्धा लावला नाही. मीच ते उतू घातलं. तिचं डोकं पुन्हा कुठंतरी भरकटलं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गंजगोलाईच्या बाजारातून सामान घेऊन परतले, तर सगळी ताटं फरशीवर मांडलेली आणि आई मांडणीला पाठ लावून खाली बसलेली. हातात उलथनं. त्यानं ती खाचांमधलं कापड खरवडून काढत होती. सागवानावर पांढरे ओरखडे उठले होते. नख मोडून बोटातून रक्त आलं होतं.

माझ्या रागाला औषध नाही. पिशवी आदळून मी ओरडले, "काय करायलीस तू? नव्या कोऱ्या लाकडाचं वाटोळं केलंस!"

तिनं वर पाहिलं. "कापड कशाला घातलंस ह्यात? भांड्यात फडकं ठेवू न्हाई, सांगितलं न्हाई व्हय तुला?"

"अगं, कुठल्या काळातल्या रीती घेऊन बसलीस!" मी तिच्या कानाशी वाकून ओरडले.

"रीत न्हाई ती," आई म्हणाली. "रीत कुठली? तुझ्या काकूला मी मारलं."

मला वाटलं, बोलणं तुटलं. पण तिचे डोळे अगदी ठिकाणावर होते. मी तिच्याजवळ फरशीवर बसले. तीच बोलत गेली.

काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. काका लोह्याला नोकरीला, जागा मिळेपर्यंत काकू आमच्याकडेच. मी तेव्हा तिसरी-चौथीत. माझी वेणी काकू घालायची, एवढं मला पक्कं आठवतं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे जमीन अधूनमधून हलायची. हलली की आधी स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. ताटाला ताट, वाटीला वाटी. ती वाजली की काकू ताडकन उठायची आणि आम्हा पोरांना ओढत अंगणात न्यायची. पुढं पुढं ती निजायचीच बंद झाली. ओसरीच्या कडेला बसून भांड्यांकडे कान लावून रात्र काढायची. दिवसा भाकरी थापताना डुलकी यायची, एकदा तव्यावर हात पडता पडता वाचला. डोळे खोल गेले होते.

"मला बघवंना गं तिच्याकडं," आई म्हणाली. "ती नदीला धुणं घेऊन गेली, तवा मी माझं जुनं पातळ फाडलं. आन् एकेका ताटाच्या मधी, गंजाच्या बुडाखाली, डब्यांच्या मधी चिंध्या घातल्या. वरून दिसू न्हाईत अशा. तिला सांगितलं न्हाई. मग भांडी वाजायची थांबली. चार दिस गेले, आठ दिस गेले. ती मला म्हणली, 'आक्का, थांबलं बघा आता.' मी म्हणलं, 'हाव, थांबलं.'"

खालच्या हिरव्या कापडाच्या कपच्या ती एकेक करून पदरात गोळा करत होती.

"मग ती झोपायला लागली. लई झोपली बिचारी. रंग आला तोंडावर. भ्या गेलं म्हणून आत सैपाकघरात निजायला लागली, माळवदाखाली. आपण सगळे ओसरीत, पत्र्याखाली. गणपती बोळवून आलो त्या रात्री म्हणली, 'आक्का, आता मला कुणी हाक मारून उठवू नका.'"

पुढचं मला माहीत होतं. आमच्याकडच्या सगळ्यांनाच माहीत आहे. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. आमची ओसरी उभी राहिली, स्वयंपाकघर बसलं.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. म्हणाले, "आई, तो भूकंप केवढा होता. भांडी वाजून काय झालं असतं?"

"ती आत निजलीच नसती," आई म्हणाली.

मी तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि राहिलेल्या खाचा खरवडायला लागले. कापड निघता निघत नव्हतं. आमच्या दोघींच्या मध्ये तिची ती घासलेली परात पडली होती आणि मी रडत होते. काकूसाठी रडत होते, पण जास्त आईसाठी. वडिलांनासुद्धा तिनं हे सांगितलं नव्हतं. मेसच्या पोरींना वाढताना, माझं बाळंतपण करताना, सणावाराला हसताना हे ओझं तिच्या पोटात होतं आणि आम्ही त्याला कुळाचार म्हणत होतो.

संध्याकाळी ताटं परत मांडली. तेवढ्यात क्लास सुटले, बसगाड्या निघाल्या आणि आख्खी भिंत किणकिणायला लागली. आईनं मांडणीच्या लाकडावर तळहात टेकवला. ऐकू येत नव्हतं तिला, पण हाताला कळलं. तिनं मान हलवली.

त्या दिवसापासून ती आत यायला लागली. मला जे हवं होतं ते झालं म्हणायचं. बुटक्या कट्ट्यावर बसून मेथी निवडायची, शेंगा फोडायची, एखाद्या दिवशी स्वतः पिठलं टाकायची. सुतार ओरखडे बघून हळहळला, पॉलिश मारून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. शाळा उघडल्यावर मी दर शनिवार-रविवारी नांदेडहून यायची. बाकीच्या दिवशी माडीवरची एखादी पोरगी तिच्याजवळ बसायची. डॉक्टर म्हणाले, छान सुधारणा आहे. हात चालू राहिले खरे, पण बोलणं तुटायचं ते तुटतच गेलं. कुणाचं नाव, कुठला दिवस, सगळं हळूहळू गळत गेलं. मांडणीवर हात टेकवायचं मात्र ती विसरली नाही.

पुढच्या श्रावणातली दुपार. मी खाली बसून भाकरी थापत होते, ती कट्ट्यावर मेथी घेऊन बसली होती. बाहेरून सळया भरलेला ट्रक गेला आणि ताटाळं चांगलंच खणखणलं. तिचा हात मांडणीवर होता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"वाजलं का गं?"

"हाव, वाजलं," मी मान डोलावून म्हणाले.

"मग बसलीस काय? तिला उठव की. आत निजलीय ती. बाहेर ने."

भाकरी माझ्या हातात तशीच राहिली. आईचा चेहरा घाबरलेला होता, अगदी तरुण बाईसारखा. मी उठले. हात पुसले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथं कुणीच नव्हतं, तिथं गेले, वाकले आणि अंगणाच्या दारापर्यंत चालत जाऊन आले. मग तिच्या कानाशी बसून मोठ्यानं सांगितलं, "उठवलं गं आई. अंगणात बसलीय काकू."

"पोरं?"

"पोरंही."

तिनं मांडणीवरचा हात काढला आणि मेथीची जुडी पुढं ओढली.