रोवण्याच्या बांधीत अमेरिकन खून

२२ जुलै. मित्रांनो, इतके दिवस गप्प होते, माफ करा. सौंदडला आमचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू आहे.

सध्या एका अमेरिकन लेखकाची खुनाची कादंबरी वाचते आहे. लावणीच्या बायकांना ती रोज थोडी थोडी सांगते. आज गोष्टीतला श्रीमंत म्हातारा मारला गेला आणि सगळ्याजणी बांधीत, म्हणजे भातखाचरात, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“वहिनी, कोनं मारलं ते सांगा, मंगच हात चालन,” सीताबाई म्हणाल्या.

शेवट मीही वाचला नव्हता. पण हा लेखक म्हणे शेवट न ठरवताच लिहायला बसायचा. मग मीही ठोकून दिलं, “जावयानं.”

“मी तं पयलेच म्हणत होती. माह्या घरी आजच आला जावई. कोंबडा कापनार होती, आता तो वरण खाऊन जाईन म्हना.”

बांधी भराभर लावून झाली.

संध्याकाळी शेवट वाचला. खून सासूने केला होता, जावई बिचारा निर्दोष. मी बेइमानी लेखकाशी केली की सीताबाईंच्या जावयाशी, तुम्हाला काय वाटतं?

उद्याचं काम: सीताबाईंना खरा खुनी सांगणे. शेवटची बांधी लावून झाल्यावर.