पाखरं हाकायची गाणी

आता काय सांगू तुम्हाला! आधी तो चहा संपवा, नाहीतर ऐकता ऐकता ठसका लागेल. माझी जी फजिती झाली ती वैऱ्याचीही होऊ नये. आणि दोष तरी कुणाला द्यायचा? माझ्याच कानांना!

तुम्ही मला ओळखताच. शेळगावच्या भजनी मंडळातला हणमंतराव. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. लग्नात डीजे सुरू झाला की कानांवर हात ठेवून, जेवणाचं ताट सोडून उठणारा पहिला माणूस मीच. आमचा पखवाज वाजवणारा दत्ता लग्नसराईत बँजो पार्टीत जायचा, तर भर मंडळात पखवाजावर हात ठेवून त्याला शपथ कुणी घ्यायला लावली? मीच! "असल्या गाण्यानं बोटं बाटत्यात, दत्ता!" हे वाक्यही माझंच.

आणि हाच मी हळदीच्या गाण्यांवर जीव टाकायचो.

हो हो, तीच गाणी! नवरीची वहिनी नाचते, मधेच कुणीतरी "हाण की!" म्हणून ओरडतं आणि मग ती शिट्टी येते, ती! एकदा भवानीनगरला साखर कारखान्यावर उसाची ट्रॉली घेऊन रांगेत उभा होतो. पुढच्या ट्रॅक्टरवर गाणं लागलं आणि मी कामातून गेलो. ऊस रिकामा करून घरी येईपर्यंत पाय ठेका सोडेना.

पण ऐकायची कुठं? घरात आमची मालन. तिला पलीकडच्या आळीत भांडं पडलेलं ऐकू येतं. कानात त्या वायरी घालूनही बघितल्या, पण मजा नाही हो! असलं गाणं छातीत धडधडलं पाहिजे.

तेवढ्यात रानातली शाळूची ज्वारी दाण्यात आली आणि पाखरांनी ताव मारायला सुरुवात केली. आता गोफण घेऊन माळ्यावर कोण उभं राहतंय? आमच्याकडे बांबूवर भोंगा बांधतात, बॅटरी जोडतात आणि कुत्र्याचं भुंकणं नाहीतर डबा बडवल्याचा आवाज लावून देतात. मीही बारामतीहून भोंगा आणला. फक्त कुत्र्याच्या जागी वहिनीला लावलं!

काय सांगू त्या सकाळी! दिवस उगवायला भोंगा सुरू. मी शाळूच्या आडोशाला, खांदे आपोआप उडतायत, साक्षीला फक्त म्हैस. शिट्टीची जागा आली की मीही शिट्टी घालायचो. माझ्या पुढच्या दातांत ही एवढी फट आहे, बघा. बोटं लावावी लागत नाहीत. नुसता श्वास सोडला तरी वाजते.

पण सुखानं नाचलो असं समजू नका. एक डोळा सारखा बांधावर. भीती होती तात्यांची. तात्या म्हणजे आमच्या मंडळाचे म्होरके. आता थकले होते, आणि या सप्ताहात काल्याच्या दिवशी आपले पितळी टाळ ते कुणाच्या तरी हातात देणार होते. ज्याच्या हातात टाळ, त्याच्या हातात मंडळ. ते टाळ मला हवे होते. पोरवयात तात्यांच्या मागं बसून ते टाळ बघत मी भजन शिकलो. दुसऱ्या कुणाच्या हातात ते गेले असते तर माझ्यानं बघवलं नसतं.

आणि एका सकाळी बांधावर दत्ता उभा! शेजारचं रान त्याचंच.

"हणमंतराव, हे काय वाजतंय वं?"

मी खांदे आवरले. "काय न्हाय, पाखरं हाकतोय."

"असल्या गाण्यानं?"

"मग? असलं गाणं माणसाला सोसंना, तितं पाखराला काय सोसतंय!"

दत्ता विचारात पडला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "तरीच! तुमच्या रानातली समदी माज्या रानात आल्यात!"

आता खरं काय होतं? त्याचा शाळू उशिरा पेरलेला, दाणा अजून दुधात. पाखरांना तोच गोड लागायचा. पण मी बोलतोय कशाला? म्हटलं, वाचलो!

कसलं वाचलो! संध्याकाळपर्यंत बातमी पारावर. दुसऱ्या दिवशी जो तो दारात. "हणमंतराव, ती पाखराची गाणी धाडा की!" नाही कसं म्हणणार? धाडली. आठवडाभरात चारी बाजूंनी वहिनी नाचायला लागली. ज्या गाण्यांना मी मांडवातून हाकललं, त्यांना मीच शिवारात आणून सोडलं.

मग कृषी सहायक आले. नवीन पोरगेले साहेब, अंगात फार उत्साह. म्हणाले, "काका, हा प्रयोग सगळ्यांनी बघायला पाहिजे. तुमच्या रानात शिवारफेरी लावू!"

"नगं साहेब. लहान प्रयोग हाय."

"विनय बघा यांचा!" साहेब लोकांना म्हणाले. झालं! शिवारफेरी ठरली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सगळं गाव माझ्या रानात. आणि बघतो तर दत्ताच्या मोटारसायकलवर मागं बसून कोण आलं? तात्या! बांधावर घोंगडी अंथरून त्यांना बसवलं. ते माझ्याकडे बघेनात, भोंग्याकडे बघत राहिले.

साहेबांनी विचारलं, "काका, कुठलं पाखरू गाण्यात कुठल्या ठिकाणी उडतं?"

आता माघार कशी घेणार? दिलं ठोकून. "चिमणीला पयलं कडवं पुरतं. साळुंकी दणक्याला उडती. पोपट मातर बेरकी. त्यो शिट्टीपतोर बसतोय."

लोक माना डोलवायला लागले. मी गाणं लावलं.

पहिलं कडवं झालं. चिमण्या हलल्या नाहीत. उलट आणखी आल्या. दणका झाला. एक साळुंकी उडाली खरी, पण येऊन बसली ती भोंग्यावर! पोपटांचा थवा आला आणि पाहुण्यांसारखा कणसांवर जेवायला बसला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला भोंग्यासकट पोटात घ्यावं.

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले, "शिट्टी यायचीय अजून!"

सगळे श्वास रोखून उभे. "हाण की!" झालं, आता शिट्टी येणार, आणि नेमकी बॅटरी बसली!

सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत सवयीनं, अगदी देवाशपथ सवयीनं, माझ्या दातांतून शिट्टी सुटली.

भुर्र्र! शाळूतली झाडून सगळी पाखरं आभाळात!

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणीच नाही. बाकीचे माझ्याकडे बघत होते. माझा एक हात कमरेवर, दुसरा डोक्यावर, एक पाय उचललेला.

"हणमंतराव," दत्ता हळूच म्हणाला, "गाणं तोंडपाठ हाय व्हय तुमाला?"

तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "हणमंता, हिकडं ये."

गेलो. गेले टाळ, मनात म्हटलं. एवढ्या वर्षांचं नाव गेलं.

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शिट्टी अर्धी मात्रा आदी आली."

"आँ?"

"आँ काय? म्हैना झाला, पाटाच्या कडंला खाट टाकून ऐकतोय. तितं रोज घाई करतोस तू."

असे हसले लोक! साहेबही हसले, दत्ता तर बांधावर बसला पोट धरून. मीही हसलो, पण टाळांचं तात्या काहीच बोलले नव्हते. काल्यापर्यंत मला घास गोड लागला नाही. मालन एवढंच म्हणाली, "जेवा आता. म्हशीनं मला कवाच सांगितलंय."

काल्याचा दिवस आला. देवळाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नाही. तात्यांनी मला पुढं बोलावलं आणि टाळ माझ्या हातात ठेवले.

"घे. पर हितनं पुढं लय सोवळं मिरवू नगंस. आन दत्ताची शपथ सोडीव."

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, रडलोच. दत्ताला म्हटलं, "जा बाबा, बँजोत वाजीव, कुठंबी वाजीव."

आणि भजन सुरू झालं. काय रंग भरला म्हणता! लय चढत गेली. दत्ता शपथ सुटल्याच्या आनंदात, त्याची बोटं कुठल्या कुठं पळायला लागली. आणि शेवटी त्यानं पखवाजावर अशी तोड घेतली, अशी घेतली, की मला ती जागा ओळखीची वाटली. पण मी निर्धास्त होतो. दोन्ही हात टाळांत गुंतलेले, आता काय वाकडं होणार?

दातांतल्या फटीला हात लागत नाहीत, हे मी विसरलो होतो.

देवळाच्या कळसावरचे सगळे पारवे एकदम उडाले. सगळं मंडळ दगडासारखं. तात्यांनी तोंडातल्या दहीलाह्या शांतपणे गिळल्या, वर पारव्यांकडे बघितलं आणि म्हणाले,

"ह्या बारीला मातर मात्रेत आली."