सर्व्हेअर येईपर्यंत फ्रिजला हात लावायचा नव्हता

"मामा, फ्रिजचं वय काय लिहू?" सुप्रियाने विचारलं आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं.

सुप्रिया माझी भाची. विम्याचं काम करते. आमच्या मुलुंडच्या घरातल्या सामानाचा विमा उतरवायला आली होती. मला विमा नको होता. माझं फ्रिज रिपेरिंगचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं फ्रिजच्या मागे बसून शिकलो. ज्या घरात मेकॅनिक राहतो त्या घरातल्या सामानाला विमा काढायचा म्हणजे मेकॅनिकचा अपमान. पण बायकोने, शालनने, ठरवलं होतं.

"कुठल्या भागाचं वय?" मी विचारलं. "बॉडी वाकोल्याच्या एका बाईंची. कॉम्प्रेसर कांजूरमार्गच्या भंगारवाल्याकडचा, पण मी खोलून, नीट करून बसवलेला. दरवाजा तिसऱ्याच फ्रिजचा. रबर गेल्या दिवाळीत बदललं."

"मग लिहू काय?"

"अर्धा जुना, अर्धा नवा."

"तसा कॉलम नाहीये मामा."

"म्हातारो लिव," शालन आतून म्हणाली. "फ्रिज पण नि मालक पण."

सुप्रियाने दोन प्रकारचे विमे सांगितले. पहिल्यात वस्तू गेली तर तिची आजची किंमत मिळते. म्हणजे वापरून जितकी झिजली तितके पैसे कापतात. ह्याला घसारा म्हणतात. दुसऱ्यात जुनी गेली तर तसलीच नवी घ्यायचे पैसे मिळतात. हप्ता जरा जास्त.

"पहिला दे," मी म्हणालो. "माझ्या फ्रिजला कसला घसारा? कालच्यापेक्षा आज चांगला चालतो."

"तुमका कोण इचारता?" शालन बाहेर आली. "दुसरो दे गो. माका नवो फ्रिज होयो."

तेव्हा मला तिचा डाव कळला. माझ्याशी लग्न केल्यापासून तिने नवा फ्रिज फक्त दुसऱ्यांच्या घरी बघितलाय. आमचा बंद पडला की मी संध्याकाळच्या आत चालू करतो. एकदा तरी तो नीट मरावा एवढीच बाईची इच्छा. दुसरा प्रकार ठरला. सुप्रियाने फोटो काढले, फ्रिज सेकंडहँड आहे हे खरं खरं लिहिलं. कंपनीने मानलं.

जाताना तिने बजावलं. काही नुकसान झालं तर आधी फोन करायचा. मग सर्व्हेअर येईल. सर्व्हेअर म्हणजे नुकसान बघायला कंपनी पाठवते तो माणूस. तो बघेपर्यंत वस्तू आहे तशी ठेवायची. हे सांगताना ती माझ्याकडेच बघत होती.

पुढे एका रविवारी आम्ही बोरिवलीला बारशाला गेलो. परत येतो तर हॉलमध्ये पाणीच पाणी. वरच्या मजल्यावरच्या देसायांच्या बाथरूमचा पाइप फुटला होता. छतातून धार लागलेली, ती नेमकी फ्रिजवर. बाजूची कापसाची गादी फुगून डबल झालेली. मी आधी मेन स्विच बंद केला. शालनने कपाळाला हात लावायला हवा होता. ती पदर तोंडाला लावून हसू दाबत होती.

सुप्रियाला फोन केला. ती म्हणाली, "उद्या दुपारी सर्व्हेअर येईल. मामा, तुम्ही लांब राहा. मामींकडे द्या फोन."

दुसऱ्या दिवशी मेन स्विच चालू केला, घरातली लाइट आली, फ्रिज मात्र गप्प. शालन भाजीला निघाली. दारातून म्हणाली, "त्या खुर्चीतून उठू नका."

मी खुर्चीतून उठलो नाही. खुर्ची सरकवत फ्रिजच्या मागे नेली.

फक्त बघायचं होतं. मागचा पत्रा काढला. रिले जळला होता. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देणारा डबा, मुठीत मावतो एवढा. बाकी सगळं ठणठणीत. एवढ्याशा डबीसाठी असला फ्रिज भंगारात जाऊ द्यायचा? रिले माझ्या पिशवीत असतोच. वायरिंग पुसलं, टेबल फॅन लावून वाळवलं, रिले बसवला. बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू.

शालनने चपला काढायच्या आधीच आवाज ओळखला.

"हात लावलात तुम्ही?"

"थोडासा."

"बंद करा तो."

"चालू फ्रिज बंद करायचा? माझ्या हातून होणार नाही."

"मग ह्याच्याबरोबरच संसार करा आता," म्हणाली आणि भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

सर्व्हेअर वेळेवर आला. तरणा पोरगा, घामाने भिजलेला. मी त्याला पाणी दिलं. ग्लास एका दमात संपवून म्हणाला, "बरं वाटलं काका. बंद पडलेला फ्रिज कुठाय?"

"त्यातलंच पाणी प्यायलात."

त्याने ग्लासाकडे बघितलं, मग फ्रिजकडे, मग माझ्याकडे. "कुणी रिपेर केला?"

"मी."

"मग बिल द्या. रिपेरिंगचा क्लेम होईल."

"स्वतःच्या फ्रिजचं बिल फाडू? दुकानात तोंड कसं दाखवू?"

मी त्याला जळलेला रिले दाखवला. तो म्हणाला, ह्याची किंमत एक्सेसमध्येच जाईल. एक्सेस म्हणजे नुकसानातला पहिला हिस्सा, तो आपणच सोसायचा असतो.

"लेबर लावा मा त्येच्यात," शालन म्हणाली. "दिवसभर खपले हत."

सर्व्हेअरने विचारलं, "किती वेळ लागला काका?"

रिले बदलायला दिवसभर लागला सांगितलं असतं तर पोरगा मला नवशिका समजला असता. "पंख्याचा वेळ सोडला तर चहा निवायच्या आत," मी म्हणालो.

शालनने सर्व्हेअरच्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला आणि आत गेली.

फ्रिजचं काही मिळालं नाही. गादीचे मिळाले, एक्सेस कापून. गादी मला रिपेर करता येत नाही, म्हणून तेवढी नवी आली. तिच्यावर शालन झोपते. मला चटई दिली आहे, फ्रिजच्या बाजूला.

तुम्ही घरातल्या सामानाचा विमा घेणार असाल तर दुसऱ्या प्रकारचा घ्या. बिलं जपा. पाणी आलं तर मेन स्विच बंद करा आणि हात मागे बांधून बसा. पैसे भिजलेल्या वस्तूचे मिळतात, वाळवलेल्या वस्तूचे मिळत नाहीत. ज्याला हात आवरत नाहीत त्याने हप्ता भरू नये.