पाचवी असते का?

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. रोह्याला दवाखाना, आठवड्यातून एकदा पेणला. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचे पेशंट दोन्हीकडे येतात आणि त्यांच्यामागून नातेवाईक! पेशंट बिचारे गप्प असतात. किस्से साठतात ते या मागून आलेल्यांमुळे.

*

गागोद्याकडचा एक पुतण्या काकांना न घेताच आला. "काकांच्या जिभेला जखम हाय. कितवी स्टेज असंल? किती वर्षं काढतील?"

"काका कुठायत?"

"घरी. तुम्ही आधी सांगा. जगणार असतील तर आणतो."

"तुमचीही वर्षं सांगू का?" मी म्हटलं. तेव्हा कुठे काका आले!

*

वरसे गावचे एक गुरुजी. जिभेच्या कडेला छोटासा व्रण, तपासणीत पहिली स्टेज. मी बजावलं, लगेच ऑपरेशन करा, बरे व्हाल.

"पहिलीच ना? परीक्षा होऊ देत, मे महिन्यात बघू."

मे महिन्यात आले ते मानेत गाठ घेऊन. वर माझ्यावरच डाफरले, "मॅडम, तुम्ही तर पहिली म्हणाला होतात!"

"म्हणाले होते. ती मेपर्यंत थांबेल, असं कुठं म्हणाले होते?"

*

नागोठण्याचा एक कंपनी कामगार, गालाचा कॅन्सर. कुणा डॉक्टरने नुसता रिपोर्ट बघून बायकोसमोर ठोकून दिलं, "हे दिवाळी बघणार नाहीत."

अहो, गाठ केवढी, मानेत उतरली का, फुप्फुसात गेली का, यावरून स्टेज ठरते. तिच्यावरून पुष्कळ पेशंटांचा मिळून अंदाज बांधता येतो. एका माणसाची तारीख काढता येत नाही!

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. दिवाळीनंतर गडी फराळाचा डबा घेऊन हजर. "मॅडम, दिवाळी बघितली. आता त्या डॉक्टरच्या दारात शिमगा करून येतो!"

मी अडवलं नाही.

*

एक आठवलं की मात्र अजून डोकं फिरतं. पेणचा चाळिशीतला माणूस. कॅन्सर जबड्याच्या हाडात गेलेला, म्हणून चौथी. पण लांब कुठे पसरला नव्हता, ऑपरेशन होण्यासारखं होतं. भावांनी विचारलं, "पाचवी असते का?"

"नाही."

"मग झालं की!"

घरी नेला. रोज पाहुणे बोलावून त्याची शेवटची भेट घडवत बसले. त्याचा मला फोन आला, "मॅडम, मला कुणी विचारलंच नाय ओ."

पावसाळ्यात गेला.

*

नदीकाठच्या वाडीवरच्या पारूबाईलाही चौथीच होती. तिचा नवरा म्हणाला, "कापायचं ते कापा, पण माणूस परत द्या." अर्धा जबडा गेला, बोलणं बोबडं झालं. आज कित्येक वर्षं मजुरीला जाते, तपासायला येते.

परवा दवाखान्याच्या बाकावर एक तरुण बाई रिपोर्ट धरून रडत होती. पारूबाई तिच्याजवळ सरकली, तोंडावरचा पदर बाजूला केला. "कितवी गो?"

"तिसरी."

"मी शाळेत एक दिस गेली नाय, तरी चौथी पास हाय. तुला तिसरी जड जाते व्हय?"