पालक कुठल्या रकान्यात?

शाळेच्या किश्श्यांचं असं आहे, टीचर्स रूममध्ये एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात आणि तास झाल्याची घंटा कुणालाच ऐकू येत नाही! आमच्या तुर्भ्याच्या शाळेचे नव्वदच्या दशकातले हे त्यातलेच.

सातवी झाली की मुलींची नावं काढायची, हा तिकडचा रिवाज. ‘यंदा एकही मुलगी घरी बसता कामा नये,’ असं मुख्याध्यापिका कर्णिकबाईंनी मनावर घेतलं. त्यासाठी पालक हाताशी हवेत. बाई एका शिबिराला जाऊन आल्या आणि ‘स्वॉट ॲनालिसिस’ घेऊन आल्या! फळ्यावर चार रकाने : ताकद, कमजोरी, संधी, धोका.

पाटील सरांनी ‘पालक’ थेट धोक्यात टाकले.

“अहो सर, का?”

“मागच्या वर्षी एक जण छत्री उगारून आला होता!”

*

पहिली पालकसभा शनिवारी सकाळी दहाला. शिक्षक अकरा, पालक दोन. त्यातले एक मुलीचा दाखला मागायला आले होते!

*

बाई हट्टी. बहुतेक वडील मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. बाई सरळ मार्केटात जाऊन उभ्या राहिल्या. “सभेला का येत नाही?”

पाठीवर गोणी घेतलेला एक जण न थांबताच म्हणाला, “धा वाजता आमची पाठ मोकळी नसती बाई!”

सभा रविवारी दुपारी चारला ठेवली. पाटील सर म्हणाले, “आता धोक्यात माझा रविवार लिहा!”

*

मुलांच्या हाती चिठ्ठ्या धाडल्या. रविवारी जवळच्या पावणे गावातली एक आई मुलाचा कान धरून सगळ्यांच्या आधी हजर.

“यानं काय केलाय ते मंग सांगा बाय, मी मारूनच आनलाय!”

पोराने काहीच केलं नव्हतं. आम्ही पालकांना तक्रारीशिवाय कधी बोलावलंच नव्हतं. बाईंनी त्याला जवळ घेतलं. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

*

आणि त्याच सभेतला हा. वर्ग भरला. सातवीतल्या संगीताचे वडील मागे भिंतीला टेकून उभे. त्यांना वाचता येत नव्हतं. फळ्याकडे बोट दाखवून लेकीला म्हणाले, “आमच्याबद्दल काय लिवलंय गं? मोठ्यानं वाच.”

फळ्यावर आम्ही शिक्षकांनी आदल्या दिवशी, शनिवारी, बैठकीत भरलेले चार रकाने तसेच! कमजोरीखाली होतं : ‘पालक अशिक्षित. मुलांकडे लक्ष नाही.’ अक्षर माझं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संगीताने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि खणखणीत आवाजात वाचलं, “पालक दिवसभर ओझी उचलतात. दमून येतात. तरी अभ्यास झाला का विचारतात.”

पुढच्या बाकांवर सेक्टरमधल्या इमारतींतले ऑफिसवाले पालक होते. त्यांना सगळं वाचता येत होतं. एकानेही हूं की चूं केलं नाही.

वडील म्हणाले, “बराबर लिवलंय. आठवीत नाव ऱ्हाऊ द्या हिचं.”

कर्णिकबाई उठल्या. डस्टर आणि खडू त्यांनी माझ्या हातात दिला. मी कमजोरीचा रकाना पुसला आणि संगीताने वाचलेलं शब्दन्‌शब्द ताकदीखाली लिहिलं.