मल्लिनाथची सफाई

मल्लिनाथ जेवला की ताट धुऊन पितो. ताटात पाणी ओतायचं, कडेनं बोट फिरवायचं आणि वरणाच्या शेवटच्या कणासकट ते घशाखाली घालायचं. ही त्याच्या घरची रीत. आजोबा प्यायचे, वडील प्यायचे. पण त्यांची सफाई ताटापाशी थांबायची. मल्लिनाथची थांबत नाही. लातुरात कुणाच्या दुकानात चहाला बसला तर उठताना कप विसळून ठेवतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या ताटात भात उरला की जीव ह्याचा खालीवर होतो. बायको रुद्राणी म्हणते, "ह्यांच्यासारखे चार जण गल्लीत असले, तर भांडी घासणारीनं खायचं काय?"

अशा माणसानं सॉफ्टवेअर लिहिलं. नाव 'छबी'. फोटो स्टुडिओवाल्यांसाठी. पासपोर्ट फोटो एका कागदावर आठ बसवायचे, नाहीतर एकच मोठा करून त्याला हार, समई आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लावायची. आपल्याकडे माणूस जिवंत असेतो आठ-आठानं छापतात. एकटा आणि मोठा छापला जायला त्याला मरावं लागतं. दोन्ही कामं छबी झकास करायची. लातूर, औसा, मुखेड, जिथं ऑर्डर मिळेल तिथं मल्लिनाथ एसटीनं जाऊन ती स्वतः बसवून द्यायचा.

दुसऱ्यांचे प्रोग्रॅम काढून टाकले तरी मागे काहीबाही सोडून जातात, ह्याचा त्याला मनस्वी राग. खरकटं ताट टाकून उठल्यासारखं. म्हणून छबी काढायची वेळ आली तर काय करायचं, हे त्यानं एका ओळीत लिहिलं: ज्या फोल्डरात छबी बसली असेल, ते फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसायचं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. कण उरला नाही. त्या दिवशी तो ताट धुऊन पिताना नेहमीपेक्षा थोडा जास्त ताठ बसला होता.

आता मुखेडचे ग्यानोबाकाका. बसस्टँडजवळ त्यांचा स्टुडिओ. कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला, आणि शुभारंभ म्हणून पहिलं फोल्डर केलं ते 'श्री' नावाचं. दुसरं कधी केलंच नाही. तालुक्यातल्या पोरांचे भरतीचे फोटो, म्हाताऱ्यांचे निराधार योजनेच्या पगाराचे फोटो, नव्या सुनांचे रेशनकार्डाचे फोटो, सगळे श्रीमध्ये. मल्लिनाथ छबी बसवायला गेला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "कुठं बसवू, काका?"

"श्रीमंदीच बसवा की, अप्पा. देवाच्या पदराखाली असावं. भाईर कशाला?"

मल्लिनाथनं बसवली. म्हातारा भाविक आहे, त्याचं मन कशाला मोडा.

नवी छबी तयार झाली, मल्लिनाथनं ती मेलनं पाठवली, तेव्हा ग्यानोबाकाकांचा फोन आला. जुनी काढायची कशी? मल्लिनाथ जेवायला बसलेला. शेवटचा भात संपला होता, ताटात पाणी ओतून झालं होतं.

"अप्पा, ह्ये मशीन इचारून राह्यलंय की, छबी आन तिच्यासंगं सगळं काढायचं का? सगळं म्हंजी?"

"सगळं म्हणजे सगळं, काका. हो म्हणा. मागं घाण राहायला नको."

"हाव म्हणू?"

"म्हणा."

मल्लिनाथनं ताट तोंडाला लावलं. तिकडं काकांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "अप्पा, श्री न्हाई."

मल्लिनाथ मुखेडला पोचला तोवर उशीर झाला होता. गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं, म्हणून काकांनी नवी छबी बसवली होती आणि दिवसभर त्याच कॉम्प्युटरवर नवे फोटो काढून ठेवले होते. पुसलेल्या जुन्यांच्या जागेवर नवे बसत गेले. मल्लिनाथनं होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. परत आले ते फोटो बघवेनात. कुणाचं कपाळ, कुणाचा एक डोळा, त्याखाली नुसती करडी पट्टी.

"दुसरीकडं कुठं ठेवले नव्हते, काका? पेन ड्राइव्हमध्ये?"

"देवाजवळ ठेवल्यावर आणिक कुठं ठेवावं?" काका म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "अप्पा, मंडप सोडायला आलेल्या माणसानं आपले बांबू न्यावेत, आपल्या खुर्च्या न्याव्यात. तुमी घर पाडून गेलात."

बाजाराचा दिवस होता. पायरीवर पिशवी टेकवून कावेरीबाई वर आल्या. त्यांचा बालाजी पुण्याला कंपनीत होता; मोटरसायकलवर गेला, फोनही त्याच्याबरोबरच चेंदामेंदा झाला. त्याचा एकच धड फोटो होता, भरतीच्या फॉर्मसाठी काकांनी काढलेला. वर्षश्राद्ध आलं होतं. काचेची फ्रेम करायची होती.

काका कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "मावशी, तेराव्याला आपण फ्लेक्सचा बोर्ड केला हुता न्हवं? मोठा? त्यो हाय का?"

"त्यो व्हय? कडब्यावर हातरलाय. उन्हानं तोंड उडालं बगा समदं. नाव तेवढं ऱ्हायलंय."

"मशीन बिगडलंय मावशी. फुडल्या बाजारी या."

हे असंच चालू द्यायचं आणि एसटी धरायची, असं मल्लिनाथच्या मनात येऊन गेलं. पण खरकटं सोडून उठायची सवय नाही. तो म्हणाला, "मावशी, मशीन बिघडलं नाही. फोटो पुसला गेला. माझ्यामुळं."

कावेरीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी कोण?"

"मी लातूरचा."

"आमचा बालाजी वळखीचा व्हता का तुमच्या?"

"नाही."

"मंग कशापायी पुसला?"

प्रोग्रॅमची एक ओळ होती, ती त्यांना काय सांगणार. मल्लिनाथनं कडब्यावरच्या बोर्डाचं विचारलं, तिथं येऊन बघतो म्हणाला. "काय बगता?" म्हणत त्यांनी पिशवी उचलली. फ्रेमवाल्याकडं न्यायचं काही नव्हतं, म्हणून त्या बाजाराच्या रस्त्याला लागल्या.

परत आल्यावर मल्लिनाथनं ती ओळ काढली. आता छबी आपण आणलेल्या प्रत्येक फाइलची आठवण ठेवते आणि जाताना तेवढ्याच घेऊन जाते. फोल्डरात परकं काही दिसलं तर फोल्डरला हात लावत नाही. आणि आधीच भरलेल्या फोल्डरात बसायला सांगितलं तर बसतच नाही, मग ते देवाचं असलं तरी. जुन्या गिऱ्हाइकांनाही त्यानं फोन करकरून ही नवी छबी दिली.

पहिली तक्रार लातुरातूनच आली. क्लासेसच्या भागातला राजशेखर, ज्याच्या स्टुडिओत पोरं फॉर्मचे फोटो काढायला रांग लावतात.

"अप्पा, छबी काढली तरी फोल्डर तसंच पडलंय. पयली सफाई न्हाई राह्यली तुमच्यात."

"त्यात तुमचं काही असेल म्हणून राहिलं."

"काय न्हाई हो. जुन्या पोरांचे फोटो. पास होऊन गेले, कचरा हाय."

"राहू द्या ना."

राजशेखर हसला. त्यानं दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्रॅम घेतला. म्हणाला, एका दमात सगळं साफ होतं, आपल्याला असंच लागतं. मग त्यानंच औशाच्या दोघांना तो घ्यायला सांगितला.

मल्लिनाथ अजून ताट धुऊन पितो. फक्त पाणी ओतण्याआधी ताटाकडं बघत बसतो. रुद्राणी उभी राहून राहून कंटाळते. "भातच हाय," म्हणते, "ओता आता."